नेहमीची औषधे : नाहीत

खासबाग, बेळगाव
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

सौ. राणीवहिनी यांस,
सादर नमस्कार.

मी तुम्हाला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल आधी क्षमा मागते. हा अधिकार मी माझ्याच हाताने घालवला आहे. मे महिन्यात कोगनोळीला, तुमच्या माहेरी, तुमच्या वडिलांच्या म्हणजे नागोजीआप्पांच्या नावे आमच्याकडून जे पत्र आले आणि ज्यात ‘आमचा निरोप आल्याशिवाय मुलीस पाठवू नये’ असे होते, ते आईने सांगितले आणि मी लिहिले. अक्षर तुम्ही ओळखले असेलच. पत्र लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचले आणि एका ठिकाणी राहिलेला स्वल्पविराम घातला. त्या दिवशी मला सुचलेली दुरुस्ती तेवढीच.

आमच्या घरचा एकही नंबर तुमच्या फोनवर लागत नाही. तुम्ही ते बंद केले असतील तर योग्यच केले. शिवाय मला सांगायचे आहे ते बोलून सांगणे मला जमले नसते. वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे, हे तुम्हाला मीच सांगितले होते.

येत्या रविवारी, १६ तारखेला, मारुतीमामा सोडचिठ्ठीचा बाँड घेऊन कोगनोळीला येणार आहेत. पंचांसमोर तुमची सही घ्यायची असे ठरले आहे. त्यानंतर तुम्हाला सौंदलग्याच्या एका विधुराकडे द्यायचे नागोजीआप्पांच्या मनात आहे, हेही मामांकडूनच कळले. मामा चहा पिता पिता आईला म्हणाले, “दोन पोरं हायत त्याला. आयती मिळतील. हिला तरी कुठं व्हायची हायत?”

म्हणून सही करण्यापूर्वी तुम्हाला एक गोष्ट माहीत असायला हवी. मूल न होण्याचे कारण तुमच्या एकाही तपासणीत सापडलेले नाही. अण्णाच्या तपासणीत मात्र सापडले होते. तो कागद आमच्या घरी एक वर्ष आहे. दहावीला तालुक्यात मराठी माध्यमातून पहिली आले म्हणून मला जो शब्दकोश बक्षीस मिळाला, त्यात मी तो ठेवला आहे.

आज इतकेच लिहिता आले. पत्र सगळे लिहून झाले की एकदमच पाठवीन.

बुधवार, १२ नोव्हेंबर

वहिनी, आज गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट लिहिते.

तारीख १८ होती. अण्णा तपासणीला जायला तयार झाला तो तुम्ही तीन रात्री जेवला नाहीत म्हणून. आईला ‘पोटदुखीचं दाखवून येतो’ असे सांगून तो निघाला आणि दवाखान्यात कागदपत्रे भरावी लागतात म्हणून मला बरोबर घेतले. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होता. अण्णाने तो माझ्यापुढे सरकवला. “तूच भर. तुझं अक्षर बघून तरी डाक्टर नीट बघंल.”

नाव, वय, व्यवसाय, लग्नाला किती वर्षे. मी भरत गेले. सहाव्या रकान्यात ‘नेहमी चालू असलेली औषधे’ असे होते. मी अण्णाला विचारले.

तो हसला. “मला काय झालंय गं? आजारी मानूस माग चालवील व्हय? न्हाईत म्हणून लिही की.”

मी लिहिले : नाहीत.

तुम्हाला आठवते ना, वहिनी, आमच्या मागाच्या खोलीत कॅलेंडरच्या मागे नेहमी काय खोचलेले असते? कंबरेच्या गोळ्यांची पट्टी. सकाळी माग सुरू करण्याआधी चहाबरोबर एक आणि लग्नसराई असली की दुपारी दुसरी. आमच्या गल्लीत काड्यापेटी मागावी तशी ती गोळी मागतात. समोरचे यमनाप्पा दारातूनच ओरडतात, “रविराज, एक गोळी दे रं, उद्या दोन देतो!” आणि अण्णा म्हणतो, “व्याज लावालास व्हय?” पाहुणा विणकर आला तर चहाच्या बशीत गोळीही ठेवतात. न ठेवली तर यजमान चिक्कू ठरतो. नववीपासून अण्णाची ती बशी मीच नेत होते. पाच वर्षे रोज जी वस्तू मी हाताने दिली, ती औषध आहे असे त्या रकान्यापुढे माझ्या मनातच आले नाही. आमच्याकडे औषध आजाऱ्याला देतात. गोळी कामाला लागते.

तुम्ही आलात तेव्हा ती बशी तुमच्याकडे गेली. हे लिहू की नको याचा मी दोन दिवस विचार केला. रिकाम्या पोटी गोळी लागू नये म्हणून तुम्ही बशीत गुळाचा खडा ठेवत होता. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तुम्हाला त्या खड्याची आठवण होईल आणि तुम्ही स्वतःला दोष द्याल, अशी मला भीती वाटते. तसे करू नका. तुम्हाला कोणी फॉर्म भरायला दिला नव्हता.

चार दिवसांनी अहवाल आला. अण्णाने तो पाकिटासकट मला दिला. “वाच. मला ते इंग्रजी कळत न्हाय.” वहिनी, तो अहवाल वीर्यतपासणीचा होता.  हा शब्द असलेला पाठ दहावीला आला तेव्हा बाई ‘हा घरी वाचून घ्या’ म्हणाल्या आणि पान उलटले. मी तो खरोखरच घरी वाचला होता. त्यामुळे अहवाल मला समजला. दर मिलिलिटरला एक कोटी दहा लाख शुक्राणू, म्हणजे किमान पाहिजेत त्यांहून कमी, आणि पुढे सरकणारे शंभरात अठरा. खाली लिहिले होते की एका तपासणीवरून निष्कर्ष काढू नये, तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

मी अण्णाला हे सांगितले. तो बराच वेळ धोट्यावरचा धागा सोडवत बसला. मग म्हणाला, “आईला सांगू नगस. आन् तिलाबी.”

‘तिला’ म्हणजे तुम्हाला.

मी सांगितले नाही. पुढे जानेवारीत आईने तुम्हाला दवाखान्यात नेले, तिथे गर्भनलिकेत रंग सोडून फोटो काढला. परत आलात तेव्हा तुम्हाला सरळ उभे राहता येत नव्हते. तुमचे सगळे नीट निघाले, तर आई म्हणाली, “मशीनला काय कळतंय?” त्याच संध्याकाळी आपण दोघी कांड्या भरत बसलो होतो. तुम्ही मला विचारले, “बुकातल्या बाई, तुमच्या बुकात काय लिवलंय? माझं कुठं चुकतंय गं?” तुम्ही हसत विचारले होते, पण कांडीवरून सूत उतरून तुमच्या मांडीवर गोळा होत होते, तरी तुमच्या लक्षात आले नाही.

शब्दकोश आपल्या मागे, फळीवर होता. मी म्हणाले, “मला नाही माहीत, वहिनी.”

गुरुवार, १३ नोव्हेंबर, सकाळ

तुम्ही गेल्यानंतरचे लिहिते. हे तुम्हाला कोणीच सांगितलेले नसणार.

जूनमध्ये एके दिवशी अण्णा मला म्हणाला, “चल, परत तपासून घेऊया. तिला आणायची तर आधी माझं बघाय पायजे.” हे वाक्य मी शब्दशः लिहिले आहे. तो तुम्हाला विसरला होता असे तुम्हाला वाटत असेल तर ते खरे नाही, एवढ्यासाठी.

डॉक्टर फाईल चाळत होते आणि अण्णा सारखा छातीवर मूठ दाबत होता. त्यांनी विचारले, “जळजळतंय का?”

“व्हय. गोळीनं होतंय थोडं.”

“कसली गोळी?”

“कंबरंची.”

“केव्हापासून घेताय?”

“धा वरसं झाली असतील. मागावर बसायचं म्हटल्यावर लागती की.”

डॉक्टरांनी फाईलचे पहिले पान उघडले आणि सहाव्या रकान्यावर बोट ठेवले. “आणि इथं ‘नाहीत’ लिहिलंय. हे कुणी भरलं?”

मी हात वर केला. शाळेत कधी केला नव्हता तो.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी समजावून सांगितले ते मी घरी येऊन लिहून काढले. दुखणे आणि सूज शरीरातल्या काही रसायनांमुळे जाणवते. वेदनाशामक गोळी ती रसायने तयार होऊ देत नाही, म्हणून दुखायचे थांबते. पण गोळीला कंबर वेगळी आणि बाकीचे शरीर वेगळे असे कळत नाही. तीच रसायने पुरुषाच्या वीर्यातही भरपूर असतात, आणि रोज गोळी घेणाऱ्यांच्या वीर्यात ती कमी झालेली आढळली आहेत. शुक्राणूंच्या हालचालीला त्यांची मदत होत असावी असे मानतात. काही गोळ्या रोज घेतल्या तर पुरुषाच्या संप्रेरकांचा तोलही बिघडतो, असे एका अभ्यासात दिसले आहे.

मी विचारले, “म्हणजे गोळीमुळेच झालं?”

“तसं मी लिहून देणार नाही,” ते म्हणाले. “अभ्यास थोडे आहेत आणि सगळ्यांचं उत्तर एक येत नाही. मागाजवळची उष्णता असेल, दुसरं काही असेल. पण गोळी बंद करून बघता येतं. नवीन शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. तीन महिने एकही गोळी नको. मग या.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “हे मागच्या वर्षीच कळलं असतं तर मागच्या वर्षीच थांबवलं असतं.”

वहिनी, मागच्या वर्षी तुम्ही घरात होता.

अण्णाने गोळी बंद केली. पट्टी कॅलेंडरमागून काढून त्याने स्वतः यमनाप्पांना दिली. ते म्हणाले, “काय रं, माग इकालास काय?” पहिल्या आठवड्यात तो तासभर माग चालवी आणि मग तिथेच फरशीवर पालथा पडे. आई वीट तापवून, फडक्यात गुंडाळून कंबरेवर ठेवी आणि बोलत राही. “बायको गेली तवापासनं कामात लक्षच न्हाय ह्याचं. पांढऱ्या पायाची गेली, तरी सावली ठेवून गेली.” तो मात्र रोज संध्याकाळी माझ्या वहीत एक रेघ ओढून घेई. ब्याण्णव रेघा झाल्या.

सप्टेंबरअखेरीस दुसरा अहवाल आला. दोन कोटी साठ लाख. सरकणारे शंभरात त्रेचाळीस. मी आकडे वाचून दाखवले, तेव्हा अण्णा माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, “पहिला नंबर आला गं आपला!” मग शर्ट बदलून बाहेर पडला. परत आला तेव्हा त्याच्या हातात साडी होती. स्वतः विणलेली नव्हे, दुकानातून आणलेली. तुमच्यासाठी.

ती साडी आता कुठे आहे ते उद्या लिहिते.

गुरुवार, संध्याकाळ

उद्यावर टाकणार नाही. माझी ती सवयच या सगळ्याचे मूळ आहे.

दुसरा अहवाल अण्णाने मागाच्या खोलीतच ठेवला होता. तो आईला सापडला. तिला वाचता आला नाही, म्हणून तिने मारुतीमामांना दाखवला. मामा कोर्टाच्या आवारात बसतात, त्यांना इंग्रजी येते. त्यांनी खालची ओळ मोठ्याने वाचली, ‘नॉर्मल’, आणि कागद कपाळाला लावला. “यशोदाआक्का, बघ! पोरात दोष न्हाय. आता कोण बोट दाखवंल?”

आई रडली, वहिनी. तिची चार वर्षांची भीती त्या रडण्यात होती. मी दारात उभी होते. मी म्हणू शकले असते की याच्याआधीचा एक कागद आहे. अण्णाही तिथेच होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

नंतर मी त्याला मागाच्या खोलीत गाठले. “अण्णा, पहिला अहवाल दाखवूया. वहिनींवर ठपका येतो आहे.”

“चांगला आलाय न्हवं आता? जुना कशाला उकरायचा?”

“त्यांना आणायचं होतं ना?”

त्याने हातातला धोटा खाली ठेवला. “मामा गल्लीत सांगून आला. सगळी हात मिळवून जाल्यात. आता कुठल्या तोंडानं म्हणू, की तिचं न्हवतं, माझं हुतं? माझी मान खाली घालू नगस, दर्शने.”

महिन्याभरात अण्णासाठी वडगावचे स्थळ आले. त्यांना तो अहवाल दाखवला गेला. गोळी सोडल्यामुळे जे सुधारले, तेच कधी बिघडलेले नव्हते याचा पुरावा झाले. तुमच्यासाठी आणलेली साडी आईने पाहुण्यांपुढे ताटात ठेवली. अण्णा पाटावर बसला होता. त्याने ताटाकडे पाहिले आणि उठून पाणी प्यायला गेला.

दोघांचीही मला दया येते, आणि त्या दयेचा मला रागही येतो.

आता सर्वांत अवघड गोष्ट. मंगळवारी मामा बाँडचा मसुदा सांगायला आले. टाईप करायला देण्याआधी स्वच्छ अक्षरात एक प्रत हवी होती. ती मी लिहिली. नाही म्हणता आले नाही. त्यातले एक वाक्य असे आहे : ‘सदर विवाहापासून अपत्यप्राप्ती झाली नाही व वैद्यकीय तपासणीअंती पतीमध्ये कोणताही दोष आढळून आलेला नाही.’ त्यापुढे दुसऱ्या अहवालाची तारीख आहे. खाली तुमच्या सहीसाठी जागा सोडली आहे. वाक्य म्हणून ते खोटे ठरत नाही. सहाव्या रकान्यात मी लिहिले तेही अण्णाच्या समजुतीप्रमाणे खोटे नव्हते.

म्हणून या पत्राबरोबर दोन कागद जोडते. पहिला अहवाल, २२ नोव्हेंबर २०२४ चा, मूळ प्रत. आणि त्या फॉर्मचे पान, माझ्या अक्षरातले; दवाखान्याची फाईल घरीच असते, तिच्यातून काढलेले. पंचांनी विचारले तर दोन्ही दाखवा. हे कोणी दिले असे विचारले तर माझे नाव सांगा.

तुम्ही परत यावे असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्याचे तोंड मला नाही, आणि आता इथे तुमच्या जागी ताट मांडून झाले आहे. सोडचिठ्ठी हवी असेल तर घ्या. पण त्या वाक्याखाली सही करू नका. आणि मूल होणारच नाही असे समजून कोणाची पोरे सांभाळायला जाऊ नका. स्वतःच्या मनाने जायचे असेल तर गोष्ट वेगळी. तुमचे सगळे अहवाल चांगले आहेत. जानेवारीत मी ते वाचले होते. हे तेव्हाच, कांड्या भरताना, सांगायचे होते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पाकीट अजून चिकटवलेले नाही. पोस्टातल्या टेबलाशी उभी राहून या ओळी लिहिते आहे, कारण निघताना जे झाले ते तुम्हाला कळायला हवे.

मी शब्दकोश खाली काढला तेव्हा मागाचा आवाज थांबला. अण्णा दारात आला. माझ्या हातातले पाकीट त्याने पाहिले, वर लिहिलेले कोगनोळी पाहिले. मला वाटले तो ते हिसकावून घेईल. मी ते छातीशी धरले.

तो म्हणाला, “त्याला दोन पानं हायत. दुसरं घातलीस काय? डाक्टरचा शिक्का दुसऱ्यावर हाय.”

घातले नव्हते. ते शब्दकोशातच राहिले होते. मी परत जाऊन काढले आणि पाकिटात घातले.

“रविवारच्या आधी मिळंल व्हय तिला?”

“स्पीडपोस्टाने उद्या मिळेल.”

त्याने मान हलवली. आणखी काही म्हणेल म्हणून मी थांबले. तो आत गेला, कॅलेंडरच्या मागे हात घातला, तिथे पुन्हा खोचलेल्या पट्टीतून एक गोळी काढली आणि पाण्याशिवायच गिळली. मी गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत माग पुन्हा सुरू झालेला होता.

आपली,
प्रियदर्शनी

पाठविले : शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे.